घुबड, दगड आणि बाई

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल नातेवाइकांचे दोन ठाम समज असतात. पहिला, त्याच्या हातात पैसा खेळतो. खेळतो खरा, पण तो दुसऱ्याचा असतो आणि संध्याकाळी मोजून परत ठेवावा लागतो. दुसरा समज, बारीक अक्षरात छापलेलं काहीही त्याला वाचता येतं आणि वाचल्यावर कळतंही. त्यामुळे विम्याची पॉलिसी, फ्लॅटचा करारनामा, मंगल कार्यालयाच्या अटी, असं जे जे वाचायचा लोकांना कंटाळा असतो ते ते फिरत फिरत माझ्यापुढे येतं. त्यातून मी बी.कॉम. आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला 'मला यातलं काही कळत नाही' असं म्हणायची सोय नसते. ते वाक्य बी.ए.वाल्यांसाठी राखीव आहे.

तरीसुद्धा स्पॅनिश भाषेची शिकवणी निवडण्याचं काम माझ्याकडे येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात असते. आमची आई तिच्याकडे सहा महिने राहायला गेली होती. तिला परत आणायच्या निमित्तानं मी तीन आठवड्यांची रजा काढून गेलो. परदेशी जायचं तर आमच्या बँकेत 'ना हरकत' प्रमाणपत्र लागतं. साहेब चार दिवस हरकत शोधत होते. सापडली नाही, तेव्हा नाइलाजानं सही केली.

बहिणीची दोन्ही मुलं, म्हणजे अकरा वर्षांचा भाचा आणि आठ वर्षांची भाची, शाळेत जात नाहीत. अमेरिकेत याला होमस्कूलिंग म्हणतात. आपल्याकडे 'शाळेत जात नाही' हे वाक्य ज्या सुरात म्हणतात तो सूर तिकडे नाही. आईबापच मुलांना घरी शिकवतात आणि पन्नासही राज्यांत ते कायदेशीर आहे. टेक्सासमध्ये तर सरकारला साधं कळवावंही लागत नाही. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की घरची शाळा ही खाजगी शाळाच समजावी. शिकवायचे विषय पाच: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. ना नोंदणी, ना परवाना, ना तीन प्रतींत अर्ज. हे ऐकून मला चक्कर आली. एकही फॉर्म न भरता इतकी मोठी गोष्ट करता येते, हे बँकेतल्या माणसाच्या मनाला पटतच नाही.

आईला तर ते मुळीच पटलं नव्हतं. सहा महिने ती नाशिकच्या शेजारणींना फोनवर 'मुलांना सध्या सुट्टी आहे' असंच सांगत होती.

आता स्पॅनिशच का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. बहिणीनं मला गाडीत घातलं आणि वाणसामानाच्या दुकानात नेलं. पाट्या दोन भाषांत. गल्ल्यावरची बाई आमच्याशी इंग्रजीत आणि शेजारच्या गल्ल्यावरच्या बाईशी स्पॅनिशमध्ये बोलत होती. ज्या हॅरिस काउंटीत ह्यूस्टन येतं, तिथं मतपत्रिकासुद्धा चार भाषांत निघते: इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी. १८३६ पर्यंत तर टेक्सास मेक्सिकोचाच भाग होता. एल पासो, सान आन्तोनियो, आमारियो ही गावांची नावं काही इंग्रजांनी ठेवलेली नाहीत. थोडक्यात, तिथं स्पॅनिश आधीपासून राहते आहे आणि इंग्रजी भाडेकरू आहे. फक्त भाडेकरूनं घर बळकावलंय. शिवाय टेक्सासच्या सरकारी हायस्कुलात परभाषेचे दोन क्रेडिट लागतातच, मग पुढे कॉलेजात जायचं तर घरच्या शाळेनं मागे राहून कसं चालेल, असं मेहुण्यांचं म्हणणं.

"दादा, तू फक्त एवढं कर," बहीण म्हणाली, "हे सगळे ऑनलाइन कोर्स बघ आणि कुठला घ्यायचा ते सांग. मी दोन महिने बघतेय, माझं डोकं चालेनासं झालंय."

मी एक मोठा कागद घेतला, पट्टी घेतली आणि कोष्टक आखलं. कोष्टक आखलं की निम्मं काम झालं, असं आमच्या खात्यात मानतात. पहिला रकाना अनुक्रमांकाचा. तो भरायला कधी अडचण येत नाही.

अनुक्रमांक एक, घुबड. ड्युओलिंगो नावाचं हे ॲप २०१२ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. हिरवं घुबड त्याचं बोधचिन्ह. फुकटही वापरता येतं. खेळासारखे छोटे धडे, आणि रोज एक तरी केला तर सलग किती दिवस झाले त्याचा आकडा वाढत जातो. सवय लावावी तर या घुबडानं. भाच्याचा आकडा शंभराच्या पुढे गेला होता. मी कौतुकानं त्याच्या शेजारी बसलो, तर चिरंजीवांनी रात्री झोपताना पहिल्या धड्यातला सर्वांत सोपा भाग दोन मिनिटांत उरकला आणि आकडा वाढवून घेतला. म्हटलं, अरे, हा तर तुला पाठ आहे. तो म्हणाला, म्हणून तर तोच करतो. अकराव्या वर्षी या मुलाला सरकारी खात्यात थेट घ्यायला हरकत नाही.

अनुक्रमांक दोन, दगड. म्हणजे रोझेटा स्टोन. यात चित्र दिसतं, स्पॅनिश शब्द ऐकू येतो, आणि आपण समजून घ्यायचं. भाषांतर नाही, खुलासा नाही. लहान मूल जसं शिकतं तसं शिका, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. मला फक्त नावाची गंमत वाटली. मूळ रोझेटा दगड १७९९ साली इजिप्तमध्ये सापडला आणि १८२२ मध्ये शांपोल्यों या फ्रेंच पंडितानं त्यावरून प्राचीन लिपी उलगडली, ती शेजारी ग्रीकमध्ये तोच मजकूर कोरलेला होता म्हणून. दगडावर भाषांतर होतं, दगडाच्या नावाच्या कोर्सात नाही.

तिसरा प्रकार व्याकरणवाल्यांचा. पडद्यावर एक गृहस्थ फळ्याशेजारी उभे राहून क्रियापदं चालवतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. यांना मी मनोमन नमस्कार केला. आमच्या संस्कृतच्या मास्तरांची आठवण झाली. त्यांनी आम्हांला 'देव' शब्द सर्व विभक्तींत चालवायला शिकवला होता, पण देवाशी बोलायची वेळ आली की आम्ही मराठीतच बोलायचो.

चौथा प्रकार नुसत्या गोष्टी ऐकवणाऱ्यांचा. यामागे स्टीफन क्राशेन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांचं मत आहे. १९८० च्या सुमारास त्यांनी असं मांडलं की भाषा नियम घोकून येत नाही, समजेल असं, आणि आपल्या पातळीच्या जरासं वरचं, भरपूर ऐकून येते. ठीक आहे. पण भाची ऐकता ऐकता झोपायची. तिच्या पातळीच्या जरासं वर गेलं की तिला झोपच लागते.

पाचवा प्रकार प्रत्यक्ष शिकवणीचा. ग्वाटेमाला देशातल्या एक बाई ठरलेल्या वेळी पडद्यावर येतात आणि एका वेळी एकाच मुलाला शिकवतात. तो देश यासाठी नावाजलेलाच आहे. तिथल्या आन्तिग्वा नावाच्या जुन्या गावात स्पॅनिश शिकायला जगभरातून लोक येऊन राहतात.

मग कुठली स्पॅनिश, हाही रकाना घालावा लागला. वीस देशांची ती राजभाषा आहे. स्पेनमध्ये संगणकाला 'ओर्देनादोर' म्हणतात, मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा'. स्पेनमध्ये मित्रमंडळींना उद्देशून एक वेगळं सर्वनाम आणि त्याची वेगळी क्रियापदं आहेत, अमेरिका खंडात ती कोणी वापरत नाही. ह्यूस्टनच्या दुकानात बोलायचं असेल तर माद्रिदची भाषा शिकून जाणं म्हणजे कोल्हापुरात मिसळ मागताना सदाशिव पेठी आवाज लावणं. मिसळ मिळेल, पण सगळे वळून बघतील.

त्यानंतर पैशाचे रकाने. इथं मात्र मी घरच्या मैदानावर होतो. 'महिना अमुक डॉलर' असं मोठ्या अक्षरात, आणि 'वर्षाचे एकदम भरावे लागतील' हे मुंगीच्या अक्षरात. 'एका कुटुंबासाठी' असं वर, आणि 'कुटुंब म्हणजे एक विद्यार्थी' असं खाली. एका ठिकाणी 'आजीवन सभासदत्व' होतं. मी मेहुण्यांना विचारलं, आजीवन म्हणजे कोणाच्या आयुष्यभर? आपल्या की कंपनीच्या? ते हसले, पण त्या रात्री त्यांनी शब्द तपासले. कंपनीच्या होतं. एका ठिकाणी सवलत संपायला सतरा मिनिटं उरल्याचं घड्याळ पळत होतं. मी शांतपणे चहा घेऊन आलो, पान पुन्हा उघडलं, तर पुन्हा सतरा मिनिटं. आमच्या शाखेतलं घड्याळही बंद आहे, पण आम्ही त्याच्या जोरावर कर्ज विकत नाही.

आणि 'सात दिवस फुकट' नावाचा सापळा! फुकट म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि आठव्या दिवशी पैसे कापतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कार्डावरून दर वेळी आपोआप पैसे कापायचे तर निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे. परदेशात उभं राहून रिझर्व्ह बँकेविषयी इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. मी बहिणीच्या कॅलेंडरवर प्रत्येक सहाव्या दिवशी लाल फुली केली. त्याच ओघात शोध लागला की तिकडच्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत नुसत्या कार्डावर मँगो लँग्वेजेससारखा भाषेचा कार्यक्रम फुकट वापरायला मिळतो. मेहुणे गेलं वर्षभर अशाच एका गोष्टीचे पैसे भरत होते. हे मी बहिणीसमोर सांगायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण हिशेबात लपवाछपवी मला जमत नाही.

इतकं करून कोष्टक पूर्ण झालं आणि निर्णय काही होईना. सगळ्यांना थोडे थोडे गुण पडले होते. निर्णय झाला तो आईच्या गुडघ्यामुळे.

ग्वाटेमालाच्या बाईंचा पहिला तास फुकट होता. भाचा जेवणाच्या टेबलाशी संगणक मांडून बसला होता. बाईंचा नियम एकच: तासात इंग्रजी बंद. विषय रंगांचा होता. लाल, निळा एवढं झालं असेल-नसेल, तेवढ्यात आई देवपूजेची फुलं घेऊन मागून लंगडत लंगडत गेली. बाईंनी पडद्यातून पाहिलं आणि हसून विचारलं, "कोमो एस्ता उस्तेद, सेन्योरा?"

आई थांबली. परक्या बाईनं विचारपूस केल्यावर उत्तर न देणं हे तिच्या बसण्या-उठण्यात नाही. "काय म्हणतायत रे त्या?" तिनं नातवाला विचारलं.

इथं थोडा मागचा हिशेब द्यायला हवा. मुलांना मराठी समजतं, सगळं समजतं. पण उत्तर इंग्रजीत येतं. आईला इंग्रजी कळतं, फक्त वेगानं आलेलं कळत नाही. त्यामुळे सहा महिने आजी मराठीत विचारायची, नातवंडं इंग्रजीत काहीतरी फेकून पळायची, आणि बहीण स्वयंपाकघरातून भाषांतर करायची. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "गोड आहेत रे पोरं. पण माझ्याशी बोलताना घाईत असतात."

त्या दिवशी पोरगं कोंडीत सापडलं. इंग्रजी बंद. स्पॅनिश आजीला येत नाही. बहीण बाजारात. मी मुद्दामच पेपरात डोकं घातलं. शेवटी त्यानं सगळे खिसे चाचपडून जे नाणं उरलं होतं ते काढलं.

"बाई विचारते," तो म्हणाला, "तू कशी आहे?"

"बरी आहे म्हणावं. गुडघा सोडून."

आता गुडघ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे त्याला घुबडानं शिकवलं नव्हतं. त्यानं उठून स्वतःचा गुडघा कॅमेऱ्याला दाखवला. "आ! ला रोदिया!" बाई म्हणाल्या, आणि मग, "ले दुएले?" त्यानं आजीकडे वळून विचारलं, "दुखतो?" पुढची वीस मिनिटं ग्वाटेमाला आणि नाशिक यांच्यात गुडघेदुखीवर चर्चा झाली. बाईंच्या आईलाही तोच त्रास होता. मोहरीचं तेल, गरम पाण्याची पिशवी, जिना न चढणं, हे सगळं एक अकरा वर्षांचा मुलगा हातवारे करत इकडून तिकडे पोचवत होता. रंग राहिलेच.

तास संपल्यावर तो माझ्याकडे आला. बाई मला 'तू' म्हणतात, आजीला 'उस्तेद' का म्हणाल्या, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, अरे, स्पॅनिशमधला 'तू' म्हणजे आपला 'तू'च. उच्चार तोच, अर्थ तोच. आणि 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही'. मुळात तो शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या दरबारी संबोधनाचा झिजलेला तुकडा आहे. इंग्रजीत राजाला आणि कुत्र्याला एकच शब्द, म्हणून तुझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना हे समजायला महिना लागेल. तुला घरबसल्या येतं.

तो विचारात पडला. मग आजीकडे जाऊन म्हणाला, "मी तुला तुम्ही म्हणू?"

"मला तूच म्हण," आई म्हणाली. "त्या बाईंना तुम्ही म्हण. त्या बाहेरच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी भाचीचा तास. 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये सांगताना इंग्रजीतून आलेली मुलं 'मी' पासून सुरुवात करतात आणि हमखास अडकतात, कारण स्पॅनिशमध्ये ते 'मे गुस्ता' असं आहे. 'मे' म्हणजे मला. आंबा कर्ता, आपण नुसते ज्याला आवडतं ते. भाची दोनदा अडखळली आणि एकदम ओरडली, "हे तर आजीसारखं आहे!" आजी रोज ताट वाढून विचारत असते, आवडलं का? त्याचं उत्तर तिच्या तोंडात सहा महिने तयार होतं, फक्त बाहेर पडत नव्हतं. मग आम्ही चौघं बसून यादीच केली. दोस म्हणजे दोन, सिएते म्हणजे सात, नुएवे म्हणजे नऊ, आणि नुएवो म्हणजे नवा. दिएन्ते म्हणजे दात. पैसे देणं म्हणजे 'पागार', आणि आपला 'पगार' पोर्तुगीजांच्या त्याच शब्दावरून आलेला. हा शेवटचा शब्द मी स्वतः घातला.

त्या रात्री मी कोष्टकात शेवटचा रकाना आखला: 'पलीकडे कोणी आहे का?' आमच्या शाखेत हे मी रोज बघतो. एटीएम चोवीस तास उभं असतं, नोटा मोजायला चुकत नाही, कधी चहाला जात नाही. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला २०१४ पासून यंत्रावर बोट टेकवून घरबसल्या देता येतो. तरी नोव्हेंबरात म्हातारी माणसं काठी टेकत माझ्या खिडकीशी येतात. आपण जिवंत असल्याचं ती यंत्राला सांगायला तयार नसतात. त्यांना कोणीतरी 'काय काका, या वर्षी वाळलात?' असं विचारलेलं हवं असतं. भाषेचंही तसंच असावं. घुबड आठवण करील, दगड चित्रं दाखवील, पण उत्तराची वाट बघत थांबणारं माणूस पाहिजे.

मी शिफारस लिहून दिली, खाली सही केली. बाईंची शिकवणी आठवड्यातून दोन तास, प्रत्येक मुलाला एक. पैसे महिन्याचे महिन्याला, वर्षाचे एकदम मुळीच नाहीत. घुबड फुकटातलं, रोज एक नवा धडा; जुना चालणार नाही. वाचनालयाचं कार्ड. आणि टीप: ग्वाटेमालात घड्याळ मागेपुढे करत नाहीत, टेक्सासमध्ये करतात, तेव्हा मार्चात आणि नोव्हेंबरात तासाची वेळ तपासणे. मेहुण्यांनी ती फाइलला लावली. घरच्या शाळेत निघालेला हा पहिला कागद असावा.

आईला घेऊन मी परत आलो. आता दर रविवारी सकाळी फोन येतो, तिकडे शनिवारची रात्र असते. पहिल्यांदा भाचा विचारतो, "आजी, तू कशी आहेस?" 'आहे'चं 'आहेस' कधी झालं ते कळलं नाही. मग आई सांगायला सुरुवात करते. गुडघा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, त्या गोळ्यांनी होणारं पित्त, दुधवाल्यानं वाढवलेला भाव, शेजारच्या सुनेचं बाळंतपण. चाळीस मिनिटं. मध्ये मध्ये पलीकडून 'हो', 'मग?', 'पित्त म्हणजे काय?' असं ऐकू येतं. परवा मी बहिणीला विचारलं, पोरं कंटाळत नाहीत का गं?

"अरे दादा," ती म्हणाली, "तुझे ते क्राशेन हेच म्हणतात ना? समजेल असं, जरासं वरचं, आणि भरपूर."